लहान बंदूक, लहान जीव

दिवाळीच्या सुट्टीत माझा नातू सोलापूरला आला, की पहिले दोन दिवस किल्ला करण्यात जातात आणि मग टिकल्यांच्या पिस्तुलाचा आवाज सुरू होतो. गेल्या वर्षी वसुबारसेच्या सकाळी मी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. अंगणातल्या कडुनिंबावरून एक खार डोके खाली करून उतरली, दोनदा थबकली, आणि तुळशीच्या कट्ट्यावर सांडलेल्या शेंगदाण्यांपाशी येऊन मागच्या पायांवर बसली. एक दाणा दोन्ही हातांत धरून ती कुरतडू लागली. नातवाने खांबाला टेकून, एक डोळा मिटून, तिच्यावर पिस्तूल रोखले.

"कोणाची शिकार चालली आहे?" मी विचारले.

"खारीची."

"अरे, ती एवढीशी!"

"म्हणून तर लहान बंदूक घेतली, आजोबा. मोठी वाघाला लागते."

हे ऐकून घरातली मंडळी हसली. मीही हसलो. परंतु ते उत्तर दिवसभर माझ्या मनातून जाईना. आठ वर्षांच्या मुलाने सहज बोलून टाकलेले ते वाक्य वस्तुतः शिकाऱ्यांच्या शास्त्रातला पहिला नियम आहे. जनावर पाहून हत्यार निवडावे, हे प्रत्येक जाणत्या शिकाऱ्याने आपल्या मुलाला सांगितलेले असते. मी अडखळलो तो त्यातल्या 'म्हणून तर' या शब्दांपाशी. जीव लहान, म्हणून बंदूक लहान, इथपर्यंत ठीक. पण बंदूक लहान, म्हणून मारणेही लहान, असे एक तिसरे कलम त्याच्या मनात, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात, न बोलता येऊन बसले होते. ते कलम खरे आहे काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. सणाच्या दिवसांत असला विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण फराळाच्या ताटाभोवती घरची चार माणसे बसली, की अशाच गोष्टी निघतात.

आधी शिकाऱ्यांचे शास्त्र काय म्हणते ते पाहू. त्या शास्त्राला नीतीचा गंधही नसतो, असे आपण न मारणारी माणसे समजतो. ते बरोबर नाही. माझ्या लहानपणी बार्शीकडे शेती असलेल्या माझ्या मामांजवळ परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक होती. हा 'बारा' म्हणजे काय, असे कोडे ते आम्हा मुलांना हमखास घालीत. कोणी म्हणे बारा गोळ्या, कोणी म्हणे बारा वार. खरा अर्थ असा, की एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक गोळी जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची बंदूक. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते. बाराच्या नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास येतो आणि तिच्या एका काडतुसात साधारण तीस-बत्तीस ग्रॅम छर्रे भरलेले असतात. आता आपल्या अंगणातल्या खारीचे सगळे वजन शंभर ग्रॅमच्या आगेमागे. म्हणजे तिच्यावर बारा बोअर झाडायची म्हटली, तर तिच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतके शिसे तिच्याकडे धाडावे लागणार. मागे जे उरेल ते ना खाण्याचे, ना पाहण्याचे.

यासाठीच लहान शिकारीला लहान हत्यारे निघाली. अमेरिकेत खारीची शिकार जुनी आहे. तिथली करडी खार आपल्या खारीच्या चार-पाच पट वजनाची, आणि तिचे कालवण करणारी घरे तिथे आजही आहेत. १८८७ च्या सुमारास तिथे पॉइंट बावीसचे 'लाँग रायफल' नावाचे काडतूस निघाले. त्याची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. खार, ससा यांसाठी ते पुरते, आणि मांसाची नासाडी होत नाही. त्याहून लहान म्हणजे हवेची बंदूक. तिची नळी साडेचार मिलिमीटरची आणि छर्रा अर्ध्या ग्रॅमचा.

परंतु या निवडीला दुसरी बाजू आहे. हत्यार गरजेपेक्षा मोठे असले तर नासाडी होते, आणि गरजेपेक्षा लहान असले तर जनावर मरत नाही, जखमी होते. अडीच ग्रॅमची ती गोळी सुद्धा खेळणे नव्हे. मोकळी सुटली तर ती दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. सोलापूरचा माळ आठवा. मोहोळकडे जा, बार्शीच्या वाटेने जा; नजर अडेल असे झाड नाही. सशावर झाडलेली आणि चुकलेली गोळी पलीकडच्या कोणत्या मेंढपाळाला गाठील, हे ती झाडणाऱ्याला दिसतही नाही. उलट हवेच्या बंदुकीचा छर्रा थोड्याच अंतरावर थकतो. म्हणून ती घेणाऱ्याला जनावराच्या अगदी जवळ जावे लागते, आणि डोक्याएवढ्या, म्हणजे खारीच्या बाबतीत सुपारीएवढ्या, जागेवर नेम धरावा लागतो. मोठ्या बंदुकीत चुकीला जागा असते. लहान बंदुकीत ती नसते. तेव्हा शिकाऱ्याचे शास्त्रच असे सांगते, की हत्यार जसे लहान होत जाते, तशी ते धरणाऱ्याची जबाबदारी वाढत जाते. माझ्या नातवाच्या तिसऱ्या कलमाच्या हे बरोबर उलटे आहे.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. साठ वर्षांपूर्वीच्या एका दिवाळीत, मामांच्या मळ्यात, ते मला शिकावे लागले. मामेभावाला त्या वर्षी हवेची बंदूक मिळाली होती. तिला परवाना नव्हता, आवाज नव्हता, आणि छर्ऱ्यांची डबी आठ-बारा आण्यांत मिळे, म्हणजे खर्चही नव्हता. मामांची दुनळी भिंतीवर उंच टांगलेली असे आणि तिला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. ही मात्र कोपऱ्यात, चेंडू-फळीच्या शेजारी उभी असे. दोन दिवस आम्ही डबे आणि दौती फोडल्या. तिसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या चिंचेवर खार दिसली. नेम माझा होता. खार एका फांदीवरून खालच्या फांदीवर आदळली, तिथे लटकली, आणि मग मागचे दोन्ही पाय ओढत, पुढच्या पायांनी खोड धरून, वर चढत गेली आणि एका ढोलीत शिरली. "लागली, लागली!" असे ओरडत आम्ही घरी आलो आणि फराळाला बसलो.

मामांनी विचारले, "कुठे आहे?"

"ढोलीत गेली."

"मेली?"

आम्ही गप्प. मामांनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि आम्हाला उठवले. चिंचेखाली आम्हा दोघांना दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवले. एका गड्याला झाडावर चढवले. पण ढोली बारीक फांदीच्या टोकाला, त्याचा हात तिथवर पोचेना, आणि फांदी वाकू लागली तसा तो उतरला. मामा रागावले नाहीत. परत येताना एवढेच म्हणाले, "जनावर मारायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण अर्धे मारलेले जनावर टाकून जेवायला बसायचे नाही."

ती खार पुढे मेली की वाचली, हे मला कधीच कळले नाही.

मामांचे ते वाक्य मी पुष्कळ वर्षे नीतीचा शेवटचा शब्द म्हणून जपले. शिकाऱ्याच्या धर्मात ते तसे आहेही. जखमी जनावराचा माग सोडू नये. नेम खात्रीचा नसेल तर चाप ओढू नये. मारलेले वाया घालवू नये. हा धर्म पाळणारा माणूस न पाळणाऱ्यापेक्षा बरा, यात शंका नाही. पण वय वाढत गेले तसे मला दिसू लागले, की मामांनी अर्धाच प्रश्न सोडवला होता. कसे मारावे, हे त्यांनी सांगितले. आम्ही का मारले, हे त्यांनी विचारलेच नाही. त्यांनी स्वतः मारलेले ससे आणि तितर घरात शिजत. आमच्या खारीचे आम्हाला काय करायचे होते? खाणार नव्हतो, तिचे कातडे नको होते, तिने आमचे काही बिघडवले नव्हते. मारण्याचे एकच कारण होते: ती लहान होती आणि बंदूकही लहान होती. मोठ्या बंदुकीभोवती परवाना, काडतुसाची किंमत, गावभर जाणारा बार आणि वडीलमाणसांचा धाक असे चार पहारे असतात. लहान बंदुकीपाशी एकही पहारेकरी उभा नसतो. तिथे उभे राहायचे ते आपल्या मनानेच, आणि बारा वर्षांच्या मुलाचे मन त्या वेळी डबे फोडण्यात गुंतलेले असते.

कायद्याकडे पाहावे, तर त्यानेही हे लहान-मोठे पुष्कळ काळ मानलेले दिसते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा त्यात मोठ्या शिकारीचा परवाना वेगळा आणि लहान शिकारीचा वेगळा, अशी सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने काढून टाकले आणि हौसेच्या शिकारीचे दार आपल्या देशात बंद झाले. त्या कायद्याच्या परिशिष्टात ससा, साळिंदर, मुंगूस यांच्याबरोबर पाच पट्ट्यांच्या खारीचे नावही होते. बंदुकीचा कायदा मात्र निराळ्या मापाने चालतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. यात नवल नाही. कारण परवान्याचा कायदा हत्याराकडे माणसाला असलेल्या धोक्याच्या दृष्टीने पाहतो. पण खारीच्या दृष्टीने वीस ज्यूल म्हणजे काय, हे चिंचेच्या ढोलीला विचारावे. अरुणाचल प्रदेशात हा प्रश्न इतका मोठा झाला, की २०२१ साली तिथल्या सरकारने लोकांना हवेच्या बंदुका आपखुशीने परत करण्याची हाक दिली, आणि दोन हजारांवर बंदुका जमा झाल्या. पाखरांवाचून मुके होत चाललेले रान वाघाच्या बंदुकीने मुके झाले नव्हते. ते कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या लहान बंदुकीने झाले होते.

लहान आणि मोठा जीव हा भेद आपण कशावरून करतो, याचे उत्तम उदाहरण सोलापूरकराला वीस किलोमीटरवर नान्नजला मिळते. माळढोक पक्षी एके काळी शिकाऱ्यांचे आवडते सावज होता. बारा-पंधरा किलोचा नर, उघड्या माळावर चालणारा. त्याला लपायला जागा नाही. तेव्हा त्याच्या जिवाची किंमत एका काडतुसाइतकी होती. तो संपत आला, आणि १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतला साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा मुलूख अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे २०१२ साली तो कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणला. आज नान्नजला माळढोक दिसणे ही बातमी होते. माळढोकाला वाचवण्यासाठी जे झाले ते योग्यच झाले. पण मनात एक शंका येतेच. पक्षी तोच, प्राण तोच. मग त्याचा जीव मोठा कधी झाला? थोडे उरले तेव्हा. म्हणजे जिवाची किंमतही आपण बाजारातल्या भाजीसारखी ठरवतो: आवक घटली की भाव चढतो. अंगणातल्या खारीचा दोष एवढाच, की ती पुष्कळ आहे. संख्येवरून जात वाचवायची की नाही हे ठरवता येईल. परंतु एका खारीला तिचा एक जीव किती मोठा, हे संख्येवरून कसे ठरणार?

यावर कोणी म्हणेल, की हा पोट भरलेल्या माणसाचा विचार झाला. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आपल्याच मुलुखात लहान शिकारीवर पोट असलेले लोक होते. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा भटक्या जमातींचा अभ्यास केला आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत तो प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर यांच्यामागे जात. वैदू मुंगूस, खार असले लहान प्राणी सापळ्याने धरीत. आणि फासेपारधी फासे लावून काळवीट आणि तितर पकडीत. ज्याचे त्याचे सावज ठरलेले, आणि सावजाप्रमाणे हत्यारही ठरलेले. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर पारध्यांनी ते सोडून देण्याची चाल होती. भुकेल्या माणसाने हाती आलेले सोडणे म्हणजे काय, याचा विचार आपण ताटावर बसून करावा. फाशाला एक सोय आहे, ती कोणत्याही बंदुकीला नाही: फासा सोडवता येतो. सुटलेला छर्रा परत बोलावता येत नाही.

आणि याच लोकांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. त्या कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. 'सेटलमेंट' हे नाव शहरात अजून चालते. १९५२ साली तो कायदा गेला. त्या काळात परवान्याची बंदूक घेऊन हौसेने दहा तितर मारणारा तो शिकारी, आणि भुकेसाठी दोन तितर फाशात धरणारा तो गुन्हेगार. पारध्यांचे जिणे मी गोड करून सांगत नाही. ते फार कठीण होते आणि पुष्कळांचे अजून आहे. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की त्यांच्या पारधीला भुकेचे माप होते. आमच्या चिंचेखालच्या पराक्रमाला कसलेच माप नव्हते.

लहान बंदुकीची एक गोष्ट मात्र अशी आहे, की ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मुंबईच्या खेतवाडीत एका मुलाजवळ हवेची बंदूक होती. तबेल्याच्या भिंतीत चिमण्यांचे घरटे होते. बाहेर बसणारा नर त्याने मारला. मादीने दुसरा नर आणला; त्याने तोही मारला. सात दिवसांत त्याने असे आठ नर टिपले, आणि आपल्या पराक्रमाची नोंदही करून ठेवली. हा मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली. एकदा त्यांच्या छर्ऱ्याने पडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे गेले, आणि त्यांच्या आयुष्याची वाट बदलली. १९८५ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवले.

ही गोष्ट पुष्कळदा अशी सांगितली जाते, की जणू त्या मुलाला पश्चात्ताप झाला आणि त्याने बंदूक फेकली. तसे काही झाले नाही; अभ्यासासाठी पक्षी मारून जमवणे हा त्या काळच्या शास्त्राचा भाग होता आणि ते त्यांनी पुढेही केले. मला त्या गोष्टीत निराळेच दिसते. घरट्यापाशी पडलेले आठ नर त्याच्या वहीत नुसते आकडे होते. पिवळ्या डागाची चिमणी त्याने ओंजळीत घेऊन, उलटून पाहिली, आणि ही कोण आहे असे विचारले. पाखरू तेवढेच लहान, बंदूक तेवढीच लहान. वाढले ते पाहणे. बंदुकीच्या माशीवरून पाहिले, की खार ही एक करडी ठिपकी असते. तीच शेंगदाणा धरून बसलेली असताना जवळून पाहा. तिचे बोटांसारखे पंजे, धापणारी कूस, सतत सावध असलेला कान. लहानपणा हा बहुधा अंतराचा गुण असतो. दूरवरून सगळेच लहान दिसते, माणूससुद्धा.

उरला शेतकऱ्याचा प्रश्न, आणि आमच्या जिल्ह्यात तो थट्टेचा नाही. सांगोल्याकडे माणसाने टँकरने पाणी घालून डाळिंबाची बाग जगवलेली असते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पण खार मानांकन पाहून खात नाही. ती पिकत आलेले फळ पोखरते, चार दाणे खाते आणि दुसऱ्याकडे वळते. त्या बागाइतदाराला मी खारीच्या कानाचे वर्णन ऐकवले, तर तो मला बागेबाहेर काढील, आणि ते योग्यच होईल. त्याची गरज खरी आहे. फक्त ती नीट उच्चारली पाहिजे. त्याला फळ वाचायला हवे आहे. खार मरायला हवी आहे, असे नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असे वाटू लागते, ते बंदूक हाताशी असते म्हणून. जाळी, फळाला घातलेली पिशवी, बागेत फिरते माणूस, यांत कष्ट आणि पैसा जातो, हे मान्य. आणि तो सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकून आपण गावात बसून दयेच्या गोष्टी सांगाव्यात, हेही न्यायाचे नाही. फळ घेणाऱ्यानेही त्यातला वाटा उचलला पाहिजे.

आपल्या वाडवडिलांनी या प्रश्नासाठी एक हत्यार शोधून ठेवले होते, ते आपण हत्यार म्हणून मोजतही नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यावर आली, की शेतात माळा उभा राहतो आणि त्यावर उभी राहून एखादी बाई किंवा पोर गोफण फिरवते. गोफणीचा दगड लागला तर डोके फुटेल. पण राखण करणारीचा नेम पाखरावर नसतोच. गोफणीचा सणसणाट आणि तिची हाळी ऐकून थवा उठतो, दुसऱ्या रानात उतरतो, तिथली गोफण त्याला पुन्हा उठवते. चार दाणे पाखरांच्या पोटात जातात, बाकीचे घरात येतात. संध्याकाळी दोन्ही पक्ष जिवंत असतात. भांडण दाण्याचे होते, जिवाचे नव्हते, हे गोफण विसरत नाही.

सेतू बांधताना अंगाला लागलेली वाळू झटकून मदत करणाऱ्या खारीची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. ती वाल्मीकींनी सांगितलेली नाही. लोकांनी आपल्या मनाने रामायणात घातली, म्हणून तर ती अधिक मोलाची. 'खारीचा वाटा' हा शब्द आपण वर्गणी देताना, भाषण करताना नम्रपणे वापरतो. चिमूटभर वाळू मोजताना ती देणाऱ्याच्या अंगचा जीव पाहावा, हे ज्या लोकांना कळले, त्यांना खारीचा जीव मोजताना बंदुकीची नळी पाहावी लागू नये. खारीला कोणती बंदूक योग्य, या प्रश्नाचे उत्तर शास्त्र देईल आणि ते बरोबरही असेल. त्याच्या आधीचा प्रश्न आपला आपण विचारायचा आहे: मला या जिवाकडून काय हवे आहे, आणि त्यासाठी बंदूक लागते काय? नातवाचे तिसरे कलम या प्रश्नापुढे टिकत नाही. मारणे नळीच्या व्यासाने लहान होत नाही.

असो. त्या वसुबारसेच्या रात्री मी नातवाला चिंचेची हकीकत सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली.

"मग ती मेली का?" त्याने विचारले.

"माहीत नाही. ढोली फार उंच होती. गड्याचा हात पोचला नाही."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गावात मोठी शिडी नव्हती?"

होती. मारुतीच्या देवळात होती. दीपमाळ लावायला ती आणीत. विहिरीवर माणूस पडला असता, झाडावर कोणाचे वासरू नव्हे पण मांजर जरी अडकले असते, तरी कोणी तरी धावत जाऊन ती आणली असती. मला सुचली नाही, मामेभावाला नाही, गड्याला नाही. आणि हातातली करंजी ताटात ठेवून उठणाऱ्या मामांनाही नाही. एका खारीसाठी देवळाची शिडी कोण आणतो? साठ वर्षे ती हकीकत मी सांगत आलो आहे, आणि शिडीचे नाव त्यात आजवर आले नव्हते.